झाकण विकायचं नाही : मिन फांगलेइच्या विक्रीचं प्रकरण

मार्च २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावगृहाने ब्राँझचं एक भांडं विक्रीला काढलं. लिलावाची तारीख २० मार्च. भांडं सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीचं, चौकोनी, खांद्याशी रुंद आणि खाली निमुळतं होत गेलेलं, सुमारे ६४ सेंटिमीटर उंच. अभ्यासक त्याला 'मिन फांगलेइ' म्हणतात. मिन हे ते करवून घेणाऱ्या घराण्याचं नाव, फांग म्हणजे चौकोनी, आणि लेइ म्हणजे मद्य साठवायचा रांजण. घडणीत बोट ठेवायला जागा नव्हती, पण भांड्याला झाकण नव्हतं. ते चीनच्या हुनान प्रांतात, छांगशा शहरातल्या सरकारी वस्तुसंग्रहालयात होतं, आणि १९५० च्या दशकापासून तिथेच होतं.

म्हणजे एकाच वस्तूचे दोन भाग, दोन मालक. एक भाग कितीही पैसे ओतले तरी कुणाला मिळणार नव्हता, दुसरा सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याला मिळणार होता. त्याच वर्षी जूनअखेर भांडं छांगशाला पोहोचलं. कोर्टात दावा झाला नाही, दोन सरकारांत करार झाला नाही, मालकाने दानही केलं नाही. रोख किंमत मोजली गेली, पण लिलाव टाळून. तेव्हाच्या बातम्यांत कौतुक झालं ते पैसे उभे करणाऱ्यांचं, आणि ते योग्यच होतं. मला मात्र या प्रकरणातला निर्णायक क्षण बावीस वर्षं मागे, १९९२ मध्ये दिसतो. त्या वर्षी एका प्रांतिक संग्रहालयाने झाकण द्यायला नकार दिला. तो नकार नसता तर २०१४ ला वाटाघाटी करायला हातात काहीच उरलं नसतं.

भांडं कशासाठी होतं

शांग घराण्याची सत्ता साधारण इसवी सनपूर्व १६०० ते १०४६ या काळातली. तिची शेवटची राजधानी उत्तर चीनमध्ये, आजच्या आनयांग शहराजवळ होती. मिन फांगलेइ या सत्तेच्या अखेरच्या किंवा तिला उलथवून आलेल्या चौ घराण्याच्या सुरुवातीच्या काळातलं आहे. तिथल्या राजाचा आणि सरदार घराण्यांचा धर्म पूर्वजांभोवती फिरत असे. गेलेले वाडवडील वर बसून पाऊसपाणी, लढाई, आजारपण यांत हात घालतात, त्यांना वेळच्या वेळी अन्न आणि मद्य पोहोचलं पाहिजे, अशी ती श्रद्धा. त्यासाठी ब्राँझची भांडी: मांस शिजवायला वेगळी, धान्य वाढायला वेगळी, धान्याचं मद्य साठवायला, गरम करायला, ओतायला, प्यायला वेगवेगळी. कोणाच्या घरी किती आणि कोणत्या आकाराची भांडी आहेत यावरून त्या घराचं स्थान कळे. चौकोनी लेइ हा त्यातला दुर्मीळ प्रकार.

शांगांचा आठवडा दहा दिवसांचा होता आणि प्रत्येक दिवसाला नाव होतं. गेलेल्या माणसाला त्यातल्या एका दिवसाचं नाव मिळे आणि त्या दिवशी त्याचा नैवेद्य होई. आपल्याकडे पितरांची तिथी धरतात, तसं. या भांड्याच्या अंगावर आतल्या बाजूला सहा अक्षरांचा लेख आहे. त्याचा अर्थ असा: मिनने पिता जी यांच्यासाठी हे पूजापात्र करवलं. 'जी' हा त्या दहा दिवसांतला सहावा. झाकणावर हाच लेख आहे, पण आठ अक्षरांचा. मिननंतरची दोन जादा अक्षरं करवून घेणाऱ्या माणसाचं नाव पुरं करतात. एका मुलाने बापासाठी केलेलं भांडं आहे हे, आणि बापाचं नाव अंगावरही आहे आणि झाकणावरही आहे. पुढे हे फार महत्त्वाचं ठरलं.

घडणीबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण त्याशिवाय या वस्तूला एवढा मान का हे कळत नाही. आपल्याकडचे नटराज मेणाचा नमुना करून, त्यावर माती लिंपून, मेण वितळवून बाहेर काढून ओतले जातात. शांगांचे कारागीर वेगळ्या रीतीने काम करत. आधी भांड्याचा मातीचा नमुना, त्यावर ओली माती दाबून बाहेरचा साचा, तो साचा कापून अनेक तुकड्यांत सोडवायचा, भाजायचा, मग आत मातीचा गाभा ठेवून तुकडे पुन्हा जुळवायचे. गाभा आणि साचा यांच्यामधली फट सगळीकडे सारखी राहावी म्हणून ब्राँझचे लहान तुकडे मध्ये खोचायचे, आणि मग तांबं, कथील, शिसं यांचा रस ओतायचा. रस गोठला की साचा फोडायचा. साच्याचे तुकडे जिथे मिळतात तिथे धातूची शीर उमटते. कारागिरांनी ही अडचण लपवली नाही. त्याच रेषांवर त्यांनी उभ्या, दातेरी पट्ट्या उभारल्या. मिन फांगलेइच्या चारही कोपऱ्यांवर आणि प्रत्येक बाजूच्या मधोमध अशा पट्ट्या आहेत, आणि भांड्याला जो किल्ल्यासारखा ताठपणा आला आहे तो त्यांच्यामुळे.

पट्ट्यांच्या मधल्या जागेत मोठ्या डोळ्यांचा मुखवटा आहे. या मुखवट्याला अभ्यासक थाओथिए म्हणतात. नाकाची रेष मध्यावरच्या पट्टीवर येते आणि दोन्ही बाजूंना डोळा, शिंग, जबडा असं निम्मं निम्मं तोंड पसरतं. बाकी जागेत एका पायाचे ड्रॅगन, पक्षी, आणि मागे बारीक चौकोनी वेटोळ्यांची जाळी. खांद्याला दोन्हीकडे प्राण्याच्या मुखातून निघालेले कान आणि त्यांत कड्या; खाली पुढच्या बाजूला आणखी एक मूठ, भांडं तिरपं करायला. झाकण उतरत्या छपराच्या घरासारखं. झाकणासकट उंची सुमारे ८५ सेंटिमीटर. आज ते हिरवट काळसर दिसतं, पण ओतलं तेव्हा ते सोन्यासारखं पिवळं चमकत असणार. हिरवा रंग तीन हजार वर्षांच्या मातीने आणि ओलाव्याने चढवलेला.

दोन भाग कसे झाले

हे भांडं आनयांगला सापडलं नाही. ते सापडलं तिथून फार दक्षिणेला, हुनान प्रांताच्या ताओयुआन जिल्ह्यात, १९२० च्या सुमारास. हुनानमध्ये सांगितली जाणारी हकीकत अशी. पावसाच्या पाण्याने माती वाहून गेली आणि एका शेतकऱ्याला भांडं उघडं पडलेलं दिसलं. बाहेरच्या एका व्यापाऱ्याला सुगावा लागला, तो येऊन ४०० चांदीचे डॉलर द्यायला तयार झाला. एवढ्या पैशाने शेतकरी गोंधळला. त्याने मुलाला झाकण देऊन गावच्या शाळेच्या मुख्याध्यापकांकडे पाठवलं: ही वस्तू काय आहे ते विचारून ये. मुख्याध्यापकांनी झाकणावरची अक्षरं पाहिली, ही साधी गोष्ट नाही हे ओळखलं आणि भांडं आपणच ८०० ला घेऊ, असा निरोप दिला. मुलगा आनंदाने ओरडत घरी निघाला. व्यापाऱ्याला ते कळलं आणि झाकण येण्याची वाट न पाहता त्याने भांडं उचलून पळ काढला.

अंग आणि झाकण वेगळे झाले ते त्या दिवशी. मुख्याध्यापक गप्प बसले नाहीत. त्यांनी वर्तमानपत्रातून या प्रकाराला वाचा फोडली, भांडं परत आणावं अशी मागणी केली. पण तो काळ सरदारांच्या लढायांचा होता, ऐकायला कोण होतं? झाकण हुनानच्या फौजेतल्या एका अधिकाऱ्याच्या हाती गेलं. त्याने भांडंही मिळवायची खटपट केली. व्यापाऱ्याने झाकण विकत घ्यायची खटपट केली. सौदा जमला नाही. १९४९ नंतर सत्ता बदलली, आणि १९५० च्या दशकात झाकण सरकारजमा होऊन छांगशाच्या संग्रहालयात आलं. बराच काळ तिथे ते एका हरवलेल्या भांड्याचं झाकण एवढंच होतं.

अंग मात्र फिरत राहिलं. चिनी ब्राँझची मागणी त्या काळात युरोप, अमेरिका आणि जपानमध्ये झपाट्याने वाढत होती. रेल्वेच्या कामांत जुनी थडगी उघडी पडत होती, राजघराणं १९१२ मध्ये गेलं होतं, जुन्या घराण्यांचे संग्रह विकले जात होते. याच बाजारपेठेचा एक धागा मुंबईपर्यंत येतो. सर रतन टाटांनी जमवलेल्या चिनी वस्तू त्यांच्या निधनानंतर, १९२० च्या दशकात, प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमला मिळाल्या; आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात त्या पाहता येतात. मिन फांगलेइ व्यापाऱ्यांच्या हातांतून जपानला गेलं. आसानो उमेकिची या जपानी व्यापाऱ्याकडून ते नित्ता मुनेइची यांनी घेतलं. नित्ता मूळचे तैवानचे, जपानमध्ये स्थायिक झालेले मोठे संग्राहक.

१९९२ चा नकार

१९९२ मध्ये शांघाय संग्रहालयाचे संचालक मा छंगयुआन यांनी नित्तांच्या संग्रहात हे भांडं पाहिलं. मा हे ब्राँझच्या अभ्यासातलं मोठं नाव. अंग इथे आहे तर झाकण छांगशाला आहे, ही जोड तेव्हा सगळ्यांच्या समोर आली. नित्ता स्वतः छांगशाला गेले, झाकण पाहिलं आणि प्रस्ताव ठेवला: झाकण मला द्या, संग्रहालयाच्या इमारतीसाठी मी पैसे देतो, शिवाय बदल्यात दुसरं एक प्राचीन ब्राँझही देतो.

हा प्रस्ताव हलका नव्हता, हे मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. १९९२ चा चीन आजचा नव्हता. प्रांतिक संग्रहालयाला इमारतीची गरज होती. हातात होतं ते नुसतं झाकण. अंगाशिवाय त्याला प्रदर्शनात फारसं स्थान नाही. बदल्यात अख्खी वस्तू मिळत होती. आणि नित्ता काही लुटारू नव्हते, पुढे त्यांनी आपल्या संग्रहातल्या शेकडो बौद्ध मूर्ती तैपेइच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयाला दिल्या. भांडं जुळावं ही त्यांची इच्छा खरी होती. फक्त ते त्यांच्या घरी जुळावं असं त्यांना वाटत होतं. संग्रहालयाची इच्छा नेमकी उलटी. बोलणं फिसकटलं.

तेव्हा कुणीतरी हिशेब मांडला असता तर नकार चुकीचा ठरला असता. नव्या इमारतीत एक पूर्ण ब्राँझ ठेवता आलं असतं, आणि जगात कुठेतरी मिन फांगलेइ पूर्ण झालं असतं. पण सार्वजनिक संग्रहालयाने आपल्याकडची वस्तू विकायची नाही, बदलायची नाही, या नियमाला एक खोल कारण आहे. ती वस्तू त्या संचालकाची नसते. पुढच्या पिढीला कोणत्या संधी मिळतील हे आजच्या माणसाला दिसत नाही, म्हणून त्याने दार बंद करू नये. छांगशाच्या लोकांनी ते दार उघडं ठेवलं.

२००१: पैशाने हरलेला प्रयत्न

मार्च २००१ मध्ये भांडं पहिल्यांदा क्रिस्टीजच्या न्यूयॉर्क लिलावात आलं. शांघाय संग्रहालय आणि बेइजिंगचं पॉली संग्रहालय यांनी मिळून ते घ्यायचं ठरवलं होतं. बोली त्यांच्या आवाक्याबाहेर गेली आणि ९२ लाख ४६ हजार डॉलरला एका फ्रेंच खरेदीदाराने भांडं नेलं. आशियाई कलेच्या कोणत्याही वस्तूला तोवर लिलावात एवढी किंमत आली नव्हती.

या प्रयत्नातून एक गोष्ट शिकण्यासारखी होती. लिलावाच्या खोलीत संग्रहालय कायम मागे पडतं. त्याची रक्कम आधी मंजूर झालेली असते, वर एक पैसा जाता येत नाही. समोरच्या खासगी माणसाला कुणाला विचारायचं नसतं. त्यातून चिनी संस्था बोली लावणार हे बाहेर कळलं, तर किंमत आणखी चढते. देशप्रेमाने घेतलेल्या बोलीचा फायदा विकणाऱ्याला होतो. पुढच्या काळात चीनमध्ये यावर पुष्कळ वाद झाले, आणि चोरीला गेलेल्या वस्तू लिलावात विकत घेऊ नयेत, असं सरकारी धोरण हळूहळू पक्कं होत गेलं.

२००९ चं पॅरिसचं प्रकरण इथे आठवावंच लागतं. युआनमिंगयुआन या बेइजिंगच्या राजवाड्यातल्या कारंज्याची उंदीर आणि ससा अशी दोन ब्राँझची मस्तकं लिलावाला आली. विक्री थांबवावी म्हणून चिनी वकील पॅरिसच्या कोर्टात गेले आणि हरले. मग एका चिनी माणसाने दोन्हींवर मिळून तीन कोटी युरोंहून अधिक बोली लावली, जिंकला, आणि पैसे देणार नाही असं जाहीर केलं. विक्री मोडली, मस्तकं जुन्या मालकाकडेच राहिली. शेवटी २०१३ मध्ये क्रिस्टीजच्या मालक पिनो कुटुंबाने ती विकत घेऊन चीनला भेट दिली. त्याच वर्षी क्रिस्टीजला शांघायमध्ये स्वतंत्रपणे लिलाव करण्याचा परवानाही मिळाला. या दोन घटनांचा संबंध कुणी कागदावर लिहिलेला नाही, पण मिन फांगलेइ २०१४ मध्ये कोणत्या हवेत विक्रीला आलं ते यावरून समजतं.

मग कोर्टात का नाही?

भारतीय वाचकाच्या मनात हा प्रश्न आधी येणार, कारण आपल्याकडे पाथुरच्या नटराजाचं उदाहरण आहे. तंजावर भागात १९७६ मध्ये जमिनीतून निघालेली ती मूर्ती लंडनला पोहोचली आणि १९९१ मध्ये तिथल्या अपील कोर्टाने ती देवळाची ठरवून परत दिली. पण पाथुरची मूर्ती सापडली तेव्हा आपल्याकडे कायदे होते: गुप्तधनाचा १८७८ चा, पुरावस्तूंचा १९७२ चा. देऊळ वादी म्हणून उभं राहू शकत होतं.

मिन फांगलेइच्या बाबतीत असं काहीच नव्हतं. चीनचा पुरावस्तू जतनाचा सर्वसाधारण कायदा १९३० चा, भांडं त्याआधीच गेलं होतं. ज्याच्या जमिनीत ते सापडलं त्याच्याशी व्यापाऱ्याचा सौदा झाला होता, भले तो सौदा कितीही वाईट असो. पुढे ते अनेक हातांतून, प्रत्येक वेळी पैसे देऊन फिरलं. सांस्कृतिक मालमत्तेच्या चोरट्या व्यापाराविरुद्धचा युनेस्कोचा करार १९७० चा. चीन त्यात १९८९ मध्ये आला, फ्रान्स १९९७ मध्ये, जपान २००२ मध्ये. करार मागच्या काळाला लागू नाही. अमेरिकेने जानेवारी २००९ पासून चीनच्या प्राचीन पुरावस्तूंच्या आयातीवर निर्बंध घातले, पण ते आधीपासून चीनबाहेर असल्याचा पुरावा असलेल्या वस्तूला अडवत नाहीत, आणि हे भांडं तर २००१ मध्ये न्यूयॉर्कमध्येच जाहीरपणे विकलं गेलं होतं. मालकीची साखळी कागदावर मजबूत होती. गंमत अशी की खरेदीदाराला निर्धास्त करणारी हीच साखळी मूळ गावाला दावा करू देत नाही.

कायद्याचा रस्ता बंद, लिलावाचा रस्ता २००१ मध्ये करून पाहिलेला. उरलं काय? झाकण.

मार्च २०१४

भांडं पुन्हा विक्रीला येतंय हे कळताच हुनानमध्ये हालचाल सुरू झाली. संग्रहालयाने क्रिस्टीजला पत्र लिहिलं: लिलाव करू नका, आम्हाला थेट विका, भांडं आणि झाकण एकत्र आणू द्या. वर्तमानपत्रांनी विषय उचलला. संग्रहालयाच्या मागे हुनानमधले काही उद्योग आणि खासगी संग्राहक पैसे घेऊन उभे राहिले. लिलावाच्या तोंडावर क्रिस्टीजने जाहीर केलं की लिलाव होणार नाही, भांडं खासगी व्यवहाराने हुनानच्या संग्रहालयात जाईल. किंमत जाहीर केली नाही.

विकणारा का तयार झाला असेल? मी त्याच्या जागी बसून विचार करून पाहतो. झाकण कधीच बाजारात येणार नाही हे १९९२ पासून स्पष्ट होतं. म्हणजे जो कोणी हे भांडं घेईल त्याच्याकडे ते कायम अपुरं राहणार. जगात एकच मालक असा आहे ज्याच्या हाती ते पूर्ण होतं, आणि तो मालक आता जाहीरपणे मागणी करतो आहे. २०१४ पर्यंत चिनी वस्तूंच्या बाजारात चिनी खरेदीदारांचं वजन फार वाढलं होतं; आपल्याच प्रांताने हात जोडून मागितलेल्या भांड्यावर विरुद्ध बोली लावायला त्यांतले किती जण पुढे आले असते? फ्रेंच किंवा अमेरिकी संग्राहकानेही विचार केला असता की हे घेतलं तर पुढची वीस वर्षं छांगशाची पत्रं येत राहणार. लिलावगृहाला चीनमध्ये धंदा वाढवायचा होता. या सगळ्यात लिलावापेक्षा ठरावीक रक्कम घेऊन बाहेर पडणं शहाणपणाचं होतं.

झाकणाने आणखी एक काम केलं. चिनी ब्राँझच्या व्यवहारात सगळ्यात मोठी भीती बनावटीची. सुंग काळापासून, म्हणजे हजारएक वर्षांपासून, चीनमध्ये जुनी ब्राँझ जमवली जातात आणि तितकाच काळ ती नकलीही केली जातात. खऱ्या भांड्यावर खोटा लेख कोरणं ही तर जुनी कला, कारण लेख असला की किंमत अनेक पटींनी वाढते. म्हणून तपासणारे गंजाचा थर धातूत किती आत शिरला आहे ते पाहतात, क्ष-किरणांनी साच्याच्या शिरा आणि मध्ये खोचलेले तुकडे शोधतात, आत चिकटून राहिलेली भाजलेली माती मिळाली तर तिचं वय काढतात. मिन फांगलेइला या सगळ्याहून भक्कम पुरावा होता. नव्वदएक वर्षं अंगापासून दूर आणि त्यातली साठएक सरकारी कपाटात पडून असलेल्या झाकणावर त्याच मिनचं नाव होतं आणि त्याच पिता जींचं. ही जुळणी कुठल्या नकल करणाऱ्याला रचता आली नसती.

२८ जून २०१४ रोजी छांगशाच्या संग्रहालयात भांडं अधिकृतपणे दाखल झालं आणि झाकण त्यावर बसलं.

खंडणी की खरेदी

या व्यवहारावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो टाळता येत नाही. पळवून नेलेल्या वस्तूसाठी पैसे का द्यायचे? त्याने पुढच्या विकणाऱ्याला धीरच येतो. हा आक्षेप मला अर्धा पटतो. उद्या कुणी नुकत्याच उकरलेल्या थडग्यातलं ब्राँझ 'हुनानला विकू' म्हणून घेऊन बसला, तर त्याला एक रुपयाही देता कामा नये. त्याची जागा तुरुंगात आहे. पण शंभर वर्षांपूर्वी गेलेली, अनेक देशांच्या कायद्यांनी मालकी मान्य केलेली वस्तू यात मोडत नाही. तिथे पर्याय दोनच राहतात, किंमत देणं किंवा वाट पाहणं. वाट पाहण्याचीही किंमत असते. १५ मार्च २०१७ ला त्याच न्यूयॉर्कमध्ये ओसाकाच्या फुजिता संग्रहालयातली ब्राँझ विकली गेली आणि मेंढ्याच्या शिंगांची मस्तकं असलेलं एक चौकोनी मद्यपात्र ३ कोटी ७२ लाख डॉलरला गेलं. हुनानने तीन वर्षं उशीर केला असता तर मागितली जाणारी रक्कम याच्याशी तोलली गेली असती.

मला जास्त टोचतं ते दुसरंच. भांडं परत आलं, पण ते जमिनीत कसं होतं हे कधीच परत येणार नाही. १९७६ मध्ये आनयांगला फू हाओ या राणीचं न लुटलेलं थडगं उघडलं, त्यात चारशेहून अधिक ब्राँझ होती. कोणतं भांडं कुठल्या थरात, कशाच्या शेजारी, हे सगळं नोंदलं गेलं, आणि त्यातून एका बाईचं आयुष्य उभं राहिलं: राजाची पत्नी, सेनापती, यज्ञ करणारी. ताओयुआनच्या भांड्याबद्दल असं काहीच सांगता येत नाही. ते थडग्यात होतं की पुरून ठेवलेल्या ठेव्यात? एकटं होतं की सोबत आणखी भांडी होती? उत्तरेतल्या एका घराण्याचं पूजापात्र यांगत्से ओलांडून इतकं दक्षिणेला कसं पोहोचलं? हुनानमध्ये अशी ब्राँझ आणखीही सापडली आहेत. १९३८ मध्ये निंगश्यांगला चार मेंढ्यांचं प्रसिद्ध चौकोनी पात्र शेतात निघालं, १९५९ मध्ये त्याच जिल्ह्यातलं माणसाच्या चेहऱ्यांचं चौकोनी ब्राँझ पात्र भंगारातून वाचवलं गेलं. शांगांची सत्ता पडल्यावर काही घराणी आपल्या पितरांची भांडी घेऊन दक्षिणेला पळाली असावीत, असं काही अभ्यासक मानतात. मिन फांगलेइ नीट उत्खनन होऊन बाहेर आलं असतं तर हा तर्क सिद्ध किंवा रद्द करायला मोठी मदत झाली असती. व्यापाऱ्याने झाकण मागे सोडलं, ते तरी परत जुळलं. त्या खड्ड्यातली माहिती कुणीच मागे ठेवली नाही.

झाकण नसतं तर

एप्रिल २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या कँटरबरीच्या एका लिलावगृहात पश्चिम चौ काळातलं आणखी एक ब्राँझ आलं. तोटीवर आणि झाकणावर वाघ बसवलेलं लहान भांडं, 'वाघांचं यिंग'. ऑक्टोबर १८६० मध्ये ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांनी युआनमिंगयुआन लुटलं, त्या मोहिमेतल्या एका मरीन अधिकाऱ्याने ते घरी नेलं होतं. त्याची पत्रंच याला साक्ष होती. त्या मोहिमेत हिंदुस्थानी पलटणीही होत्या, आणि राजवाडा जाळायचा हुकूम देणारा लॉर्ड एल्गिन दोन वर्षांत आपला व्हाइसरॉय होऊन कलकत्त्याला आला. लुटीचा इतका उघड पुरावा मिन फांगलेइच्या बाबतीत कधीच नव्हता. चीनच्या सांस्कृतिक वारसा प्रशासनाने लिलावाचा जाहीर निषेध केला, विक्री थांबवायला सांगितलं.

लिलाव झाला. चीनमधल्या कुठल्या संग्रहालयात या भांड्याचा दुसरा भाग नव्हता, त्यामुळे थांबायला विकणाऱ्याला कारणच नव्हतं. ४ लाख १० हजार पौंडांना हातोडा पडला. सुदैवाने ज्याने ते घेतलं त्याने नाव न सांगता ते चीनला द्यायची तयारी दाखवली, आणि डिसेंबर २०१८ मध्ये भांडं बेइजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयात आलं. विकणाऱ्याचे पैसे विकणाऱ्याला मिळाले.